वाचलं खरं, पण पोचलं का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



टोलनाक्यावर आपली गाडी हळू होते, दांडा वर जातो आणि आपण पुढे निघेपर्यंत मोबाइलवर पैसे कापल्याचा संदेश येतो. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हापासून काचेवरच्या त्या स्टिकरची आपल्याला चांगलीच सवय झाली आहे. त्या स्टिकरमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरच्या अँटेनातून रेडिओलहरी येतात, त्यांच्यातल्याच थोड्याशा ऊर्जेवर तो जागा होतो, आपला नंबर सांगतो आणि पुन्हा निपचित पडतो. या तंत्राला आरएफआयडी म्हणतात, आणि ज्याच्यात नंबर असतो त्याला टॅग.

कधीकधी दांडा वर जात नाही. मागचे हॉर्न वाजवतात, नाक्यावरचा पोरगा हातातलं यंत्र घेऊन धावत येतो आणि आपण म्हणतो, ‘टॅग वाचला नाही.’ पुष्कळदा ते खरंही असतं. पण टॅग वाचला जाणं ही एक गोष्ट आणि जे वाचलं ते योग्य जागी, योग्य वेळी पोचणं ही दुसरी. आज मला बोलायचंय ते या दुसऱ्या गोष्टीबद्दल. पुणे परिसरातल्या कारखान्यांत कंट्रोल पॅनेलसमोर उभं राहण्यात माझी तीसेक वर्षं गेली. हा फरक मी पुस्तकात वाचला होताच. पण तो मला कळला एका चुकीमुळे. तिच्याकडे मी येणारच आहे.

आधी कारखान्यात काय चालतं ते पाहू. मोटारींच्या कारखान्यातला पेंट शॉप बाहेरच्या माणसाला सहसा दाखवत नाहीत, कारण तिथं धुळीचा कणही चालत नाही. वेल्डिंग होऊन आलेला गाडीचा सांगाडा, आम्ही त्याला बॉडी म्हणतो, एका लोखंडी चौकटीवर बसवतात. ती चौकट म्हणजे स्किड. स्किडवर बसून बॉडी प्राइमरच्या टाकीत बुडते, दीडशेच्या वर तापलेल्या भट्टीतून जाते आणि मग रंगाच्या बूथमध्ये शिरते. ओळीनं येणाऱ्या बॉडी एकाच रंगाच्या नसतात. पांढरीमागं लाल, लालमागं चंदेरी. बूथमधल्या रोबोला गाडी दिसत नाही. समोर कोणतं मॉडेल आहे आणि त्याला कोणता रंग द्यायचा, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

कागदी बारकोड लावला तर तो पहिल्याच टाकीत धुऊन निघेल. म्हणून स्किडच्या खालच्या बाजूला ताप सोसणाऱ्या आवरणातला टॅग बोल्टनं बसवतात. त्यात काय लिहायचं यावरून आमच्यात दोन पंथ आहेत. एक म्हणतो, टॅगमध्ये फक्त नंबर ठेवा. बाकीची माहिती कॉम्प्युटरमध्ये असू द्या आणि नंबरावरून शोधा. दुसरा म्हणतो, गाडीची सगळी कुंडलीच टॅगमध्ये लिहा : मॉडेल, रंग, सनरूफ आहे की नाही, कोणत्या टप्प्यावर काय झालं. नेटवर्क बंद पडलं तरी गाडी आपली कुंडली अंगावर घेऊन फिरते आणि लाइन चालू राहते. मी दुसऱ्या पंथाचा. रात्री तीन वाजता सर्व्हर बसला की पहिल्या पंथाचे लोकही आमच्यात येतात.

बूथच्या तोंडाशी, कन्व्हेयरच्या खाली, रीडर बसवलेला असतो. वहीच्या आकाराची चपटी अँटेना आणि तिला जोडलेली इलेक्ट्रॉनिक्सची पेटी. अशा ठिकाणी बहुधा १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारे टॅग वापरतात. अंतर काही सेंटिमीटरांचं, त्यामुळे शेजारच्या स्किडचं चुकून ऐकू येत नाही. फास्टॅगची जात वेगळी. तो साधारण ८६५ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि काही मीटरांवरून ऐकू येतो. गोदामाच्या दारात हीच दुसरी जात उपयोगी पडते. फक्त तिथला रीडर एकच टॅग सेकंदात अनेकदा वाचतो, आसपासचे नको असलेलेही वाचतो, आणि ती सगळी बडबड गाळून घेणं हे एक स्वतंत्र काम होऊन बसतं.

बॅटरी नसलेल्या वस्तूकडून बोलून घेण्याची कल्पना तशी जुनी आहे. १९४५ साली मॉस्कोत अमेरिकेच्या राजदूताला सोव्हिएत शाळकरी मुलांनी लाकडात कोरलेलं अमेरिकेचं राजचिन्ह भेट दिलं. राजदूतांच्या निवासस्थानी ते भिंतीवर लटकत राहिलं. आत बॅटरी नव्हती, त्यामुळे तपासणीत काही सापडेना. बाहेरून रेडिओलहर सोडली की आतली यंत्रणा खोलीतल्या बोलण्यानुसार ती लहर बदलून परत पाठवी. ती सापडली १९५२ मध्ये. बनवणारा होता लेव्ह थेरेमिन, हात न लावता वाजणारं वाद्य ज्यानं शोधलं तोच. परावर्तित लहरींनी संदेश कसा देता येईल, यावर हॅरी स्टॉकमन यांचा शोधनिबंध १९४८ मध्येच छापून आला होता. पण हे सगळं झालं टॅग आणि रीडर यांच्यातलं. माझी गोष्ट रीडरच्या मागच्या बाजूला, जिथून वायर निघते तिथून सुरू होते.

ती वायर जाते पीएलसीकडे. पीएलसी म्हणजे कारखान्यातला दणकट कॉम्प्युटर. मोटारी चालू-बंद करणं, दारं उघडणं, रोबोला हुकूम देणं ही त्याची कामं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मोटार-उद्योगासाठीच तो जन्माला आला आणि आज पिण्याच्या पाण्याच्या योजनेपासून साखर कारखान्यापर्यंत सगळीकडे आहे.

सुरुवातीच्या काळात रीडरपासून पीएलसीपर्यंत साधी सीरियल केबल असायची, आरएस-२३२ नावाची. अक्षरामागून अक्षर पाठवायचं, पंधरा मीटरपर्यंत ठीक, पुढं भरवसा नाही. त्यातून कारखान्यात वेल्डिंगच्या ठिणग्या, मोठ्या मोटारींचे ड्राइव्ह. विजेचा नुसता गोंगाट. मग आलं आरएस-४८५. यात दोन वायरी पीळ देऊन बरोबर नेतात आणि संदेश असतो तो त्या दोघींमधल्या फरकात. जत्रेत हात धरून चाललेल्या दोघांना गर्दीचा धक्का बसला तर दोघंही सरकतात, पण त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. तसंच हे. वेग बेताचा ठेवला तर बाराशे मीटरपर्यंत संदेश शाबूत जातो. याच दोन वायरींवर पुढं प्रोफिबससारखी जाळी उभी राहिली, एकाच केबलवर अनेक उपकरणं नांदू लागली.

संदेश वाटेत बिघडला तर? वाणी यादीच्या शेवटी बेरीज लिहितो, तशी प्रत्येक संदेशाच्या शेपटीला एक पडताळ्याची संख्या असते. पलीकडचा पुन्हा हिशेब करतो. जुळला नाही तर तो संदेश टाकून देतो. टॅग आणि रीडर यांच्यातल्या हवेतल्या संभाषणातही हीच तजवीज आहे. त्यामुळे ‘पांढरा’चं वाटेत आपोआप ‘लाल’ होणं जवळजवळ अशक्य. नवशिक्यांना वाटतं, झालं, आता काळजी नाही. मलाही तसंच वाटायचं.

खरी गोम पीएलसीच्या स्वभावात आहे. पीएलसी कुणाचं ऐकत बसत नाही. तो फेऱ्या मारतो. आधी सगळे इनपुट पाहायचे, मग प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चालवायचा, मग आउटपुट लावायचे, की पुन्हा पहिल्यापासून. एका सेकंदात अशा पन्नास-शंभर फेऱ्या सहज होतात. पोस्टात पत्रं लावायचे खण असतात ना, तसे त्याच्या मेमरीत खण असतात. रीडरनं टॅगमधून वाचलेली माहिती येऊन पडते ती यातल्या काही खणांत. प्रत्येक फेरीत पीएलसी खणात डोकावतो. पत्र दिसलं की उचलतो. पण ते पत्र आजचं की कालचं, हे त्याला नुसतं बघून कळत नाही.

म्हणून माहितीच्या खणांशेजारी काही छोटे खण राखून ठेवलेले असतात, एकेका बिटाचे, म्हणजे हो किंवा नाही एवढंच सांगणारे. पीएलसीकडून रीडरला एक : ‘वाच.’ रीडरकडून पीएलसीला तीन-चार : ‘टॅग समोर आहे’, ‘काम चालू आहे’, ‘झालं’, ‘चुकलं’. रिवाज असा, की पीएलसीनं ‘वाच’ चढवायचं. रीडर वाचतो, माहिती खणात ठेवतो आणि मगच ‘झालं’ चढवतो. पीएलसी माहिती उचलतो आणि ‘वाच’ उतरवतो. ते उतरलेलं पाहून रीडर ‘झालं’ उतरवतो. चार पावलं. चौथं झाल्याशिवाय पुढच्या गाडीसाठी पहिलं टाकायचं नाही. याला हँडशेक म्हणतात.

हे मला कुणी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलं असं म्हणणार नाही, कारण मी ते लहानपणीच पाहिलं होतं. माझे वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. एकेरी लाइनवरचं छोटं स्टेशन. पलीकडच्या स्टेशनला फोन करून ते लाइन क्लिअर मागत, तेव्हा तिकडचा मास्तर नुसतं ‘हो’ म्हणत नसे. एक नंबर सांगे. प्रायव्हेट नंबर. वडील तो रजिस्टरमध्ये उतरवून घेत, मोठ्यानं म्हणून दाखवत. त्या नंबरांचा छापील तक्ता असे, वापरलेला नंबर लगेच खोडायचा. मी विचारलं होतं, की ‘हो’ म्हटलं की पुरे नाही का? वडील म्हणाले, ‘अरे, फोनवर हो मघाच्या गाडीचाही असू शकतो.’

आता ती चूक. वीसेक वर्षं झाली. कारखान्याचं नाव सांगत नाही. रात्रपाळीत एका गाडीला पांढऱ्याऐवजी लाल रंग लागला. रंग चुकला म्हणजे बॉडी पुन्हा घासून पहिल्यापासून रंगवणं आलं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की जे एकदा झालं ते पुन्हा होऊ शकतं, आणि लाइनवरच्या कुठल्याच गाडीवर कुणाचा विश्वास उरत नाही. नशिबानं पुढची-मागची दोन्ही मॉडेलं एकच होती, नाहीतर रोबोचा हात गाडीवर आपटला असता.

सकाळी चौकशी झाली. हातातल्या रीडरनं टॅग तपासला. त्यात स्वच्छ ‘पांढरा’ लिहिलेलं. अँटेना ठीक, केबल ठीक. रोबोला काय हुकूम मिळाला ते पाहिलं तर ‘लाल’, म्हणजे रोबोही निर्दोष. सगळी यंत्रं बरोबर निघाल्यावर उरला माणूस. त्या स्टेशनवर कंत्राटदाराचा एक पोरगा होता, लातूरकडचा, वीस-बावीस वर्षांचा. त्यानं रात्री स्टेशन ऑटोवरून मॅन्युअलवर घेतल्याची नोंद होती. ‘तूच काहीतरी दाबलंस.’ तो म्हणत राहिला, ‘साहेब, आधीच्या गाडीचा स्किड अडकला होता, तो पुढं काढायला मॅन्युअल केलं, परत ऑटोवर टाकलं. रंगाला हात नाही लावला.’ कुणी मानलं नाही. त्याला कामावरून थांबवलं. मीही त्या खोलीत होतो, आणि मीही मानलं नाही. प्रोग्रॅम माझा होता आणि तो आठ महिने बिनतक्रार चालला होता.

तिसऱ्या दिवशी रात्री, दुसऱ्याच कामासाठी प्रोग्रॅम उघडला असताना त्याचं वाक्य आठवलं. आधीच्या गाडीचा स्किड. चुकलेल्या गाडीचा नव्हे, तिच्या आधीच्या. आणि आधीची गाडी लाल होती.

मी ‘वाच’ उतरवायचं काम ठेवलं होतं स्किड स्टेशनमधून बाहेर पडण्याच्या पायरीत, आणि ती पायरी होती फक्त ऑटोमध्ये. स्किड मॅन्युअलमध्ये बाहेर काढला की ती पायरी गाळली जायची. ‘वाच’ चढलेलंच राहायचं. ते उतरलं नाही म्हणून रीडर ‘झालं’ उतरवत नव्हता. पुढची गाडी आली. स्टेशन पुन्हा ऑटोवर. ‘वाच’ आधीच चढलेलं, त्यामुळे रीडरला नवा हुकूम असा मिळालाच नाही. त्यानं पांढऱ्या गाडीचा टॅग वाचलाच नव्हता. पीएलसीनं फेरी मारली, खणात डोकावलं. ‘झालं’ चढलेलं. माहिती हजर. लाल. उचलली आणि रोबोला दिली. ती गाडी ऑटोमध्येच बाहेर पडली, सगळे बिट जागेवर आले आणि तिच्या मागची गाडी बरोबर रंगून निघाली. मागमूस उरला नाही.

पत्र कालचं होतं. वडिलांच्या भाषेत सांगायचं तर मघाच्या गाडीचा ‘हो’ मी या गाडीसाठी घेतला होता.

सकाळी रिकामा स्किड लावून तेच सगळं मुद्दाम करून दाखवलं. दोनदा. प्लांटचे साहेब काही बोलले नाहीत. मी लेखी दिलं की चूक प्रोग्रॅमची आहे, ऑपरेटरची नाही. मेमो रद्द झाला, पगार कापायचा नाही असं ठरलं. पण त्या पोराला कंत्राटदारानं एव्हाना दुसरीकडं पाठवलं होतं. कुठं, ते विचारलं तर म्हणाला, ‘अशी पोरं येतात-जातात, साहेब.’ मी दोन-तीनदा विचारलं. मग मीही सोडून दिलं. ते सोडायला नको होतं.

प्रोग्रॅममध्ये त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. एक, नवा स्किड आत येताच, आधी काहीही झालेलं असो, रंगाचा खण पुसून शून्य करायचा. शून्य हा कुठलाच रंग नाही. चुकून उचलला तरी रोबो जागचा हलणार नाही. दुसरं, ‘झालं’ चढलेलं असणं पुरेसं नाही. ते आधी उतरलेलं होतं आणि आता चढलं, हे दिसलं पाहिजे. आणि तिसरा, अर्थातच, प्रायव्हेट नंबर. पीएलसी दर हुकुमाबरोबर एक वाढता आकडा पाठवील आणि उत्तराबरोबर तोच आकडा परत आला पाहिजे. आकडा जुना असला तर लाइन थांबवा. हल्लीच्या काही रीडरमध्ये असा मोजणीचा खण कंपनीच देते. तेव्हा आम्हाला तो हातानं बांधावा लागला.

लाइन थांबणं कुणालाच आवडत नाही. पण ‘वाचता आलं नाही’ म्हणून लाइन थांबली तर दोन मिनिटं जातात, माणूस येतो, हातातल्या रीडरनं वाचतो, पुढं जातो. चुकीचं वाचलेलं मात्र कुणालाच थांबवत नाही. ते खऱ्यासारखंच दिसतं. फास्टॅगच्या नाक्यावर दांडा अडला की आपण चिडतो, मीही चिडतो. पण मागच्या गाडीचे पैसे माझ्या खात्यातून जाण्यापेक्षा तो अडलेला बरा.

आणखी एक गंमत सांगतो, हिच्यानं कुणाचं नुकसान झालं नाही. मोठी संख्या दोन खणांत विभागून ठेवतात, मोठा भाग एकात, लहान दुसऱ्यात. काही कंपन्या मोठा भाग आधी ठेवतात, काही लहान आधी. एका ठिकाणी रीडर एका पद्धतीचा आणि पीएलसी दुसऱ्या. टॅगवर २५८ लिहिलेलं, पडद्यावर ५१३ दिसायचं. पहिल्या खणात एक, दुसऱ्यात दोन. एकदा एक गुणिले २५६ अधिक दोन, उलट वाचलं तर दोन गुणिले २५६ अधिक एक. दोन तरुण इंजिनिअर दिवसभर अँटेना हलवत बसले होते.

आज बरंच काही सोपं झालंय. आयओ-लिंक नावाच्या पद्धतीत तीन तारांची साधी केबल, वीस मीटरपर्यंत, आणि छोटा रीडर थेट जोडता येतो. मोठ्या रीडरना प्रोफिनेट किंवा इथरनेट/आयपी असतं, म्हणजे ऑफिसातल्या नेटवर्कच्याच जातीची केबल, जरा दणकट. वरच्या कॉम्प्युटरशी बोलायला ओपीसी यूए आहे, त्यात आरएफआयडी रीडरची समान भाषा ठरवून दिलेली आहे; या कंपनीचा रीडर काढून त्या कंपनीचा लावला तरी सगळं नव्यानं लिहावं लागू नये हा हेतू. तयार प्रोग्रॅमचे ठोकळे मिळतात, आतली चार पावलं ते स्वतःच टाकतात. पण ठोकळा कधी सुरू करायचा, मॅन्युअलमध्ये गेल्यावर त्याचं काय करायचं, हे अजूनही आपल्यालाच लिहावं लागतं.

मी निवृत्त झालो असलो तरी कुणी बोलावलं तर नवं स्टेशन सुरू करून द्यायला जातो. मागे चाकणच्या बाजूला असाच गेलो होतो. सगळं तयार होतं, दहा गाड्या बरोबर वाचल्या गेल्या, टाळ्या वगैरे झाल्या. मी तिथल्या तरुण इंजिनिअर मुलीला म्हटलं, आता एका स्किडचा टॅग काढून ठेव. ती म्हणाली, ‘सर, टॅगच नसेल तर वाचणार काय?’ म्हटलं, तेच बघायचंय. आणि आधीचा स्किड मॅन्युअलमध्ये बाहेर काढ.

तिनं काढला. बिनटॅगचा स्किड आत आला. तीन सेकंद काहीच झालं नाही. मग दिवा लाल झाला, भोंगा वाजला आणि लाइन थांबली. शिफ्टचा फोरमन धावत आला, काय बिघडलं म्हणून. काही बिघडलं नाही म्हणून सांगितलं आणि आम्ही चहाला गेलो.